कळफलक आणि माऊस : स्वच्छता आणि हातांची काळजी



उसाच्या लागणीची नोंद, काट्यावरचे वजन, तोडणीचा क्रम, बिलाची रक्कम, सोसायटीची वसुली ही सारी कामे आता संगणकावर होतात. २०२० साली शाळा बंद झाल्या, मुलांचे वर्ग घरातून भरू लागले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या घरीही संगणक किंवा लॅपटॉप आला. मुले मोठ्या वर्गात गेली तरी यंत्र घरात राहिले. आता त्यावर सातबारा पाहिला जातो, अर्ज भरले जातात, दूध-संकलनाचा आणि शेतीचा हिशेबही ठेवला जातो.

या यंत्राच्या पडद्यावर आपण कौतुकाने कापड झाकतो. पण ज्याला रोज हात लागतो तो कळफलक आणि माऊस मात्र वर्षानुवर्षे कुणी पुसत नाही. ही दोन्ही औजारे साफ कशी ठेवावीत आणि वापरताना मान, मनगट, बोटे कशी सांभाळावीत, एवढाच या पाठाचा विषय आहे.

हे एवढे महत्त्वाचे आहे का?

आहे. कळफलकावरून जे आत जाते, त्याचाच संगणक हिशेब करतो. समजा, आपल्या उसाचे क्षेत्र १.२० हेक्टर आहे. टिंबाची कळ घाणीने अडकली आणि उठलीच नाही, तर पडद्यावर १२० उमटते. एवढी मोठी चूक कुणाच्या तरी नजरेस येईल. पण ०.४० हेक्टरच्या जागी ०.४४ पडले तर? चार आर जास्त दिसतील आणि कुणाला शंकाही येणार नाही. चिकट झालेली कळ एकदा दाबली तरी कधी कधी दोनदा उठते. बँक खात्याच्या क्रमांकात असा एक आकडा जादा पडला की उसाच्या बिलाचे पैसे अडकतात आणि हेलपाटे आपल्याला पडतात. पाच-दहा मिनिटांच्या साफसफाईने हा त्रास टळणार असेल, तर आळस कशाला?

कळफलक आतून कसा असतो?

आपल्याकडच्या बहुतेक साध्या कळफलकांत प्रत्येक कळीखाली रबराची लहानशी घुमटी असते. तिच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहून नेणाऱ्या बारीक रेषा काढलेल्या असतात. मधला पापुद्रा त्या दोहोंना वेगळे ठेवतो, पण प्रत्येक कळीच्या जागी त्याला भोक असते. कळ दाबली की घुमटी दबते, वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकतो आणि संगणकाला कळते की अमुक कळ दाबली. बोट उचलले की रबर कळीला पुन्हा वर ढकलते.

आता यात गोड चहा सांडला तर काय होतं बघा. पाणी उडून जाते, साखर मागे राहते. साखरेचा चिकटपणा आपल्याला कुणी शिकवायला नको! कळ खाली जाते ती वर यायला वेळ लावते, नाहीतर पापुद्रे एकमेकांना चिकटून राहतात. धूळ आणि केस यांचे नुकसान सावकाश होते, गोड पदार्थाचे एका दिवसात.

माऊस कसा चालतो?

माऊसचा पहिला नमुना १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी तयार केला. तो लाकडी होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखविला. शेपटीसारखी वायर म्हणून त्याला उंदराचे नाव पडले.

आजच्या माऊसच्या पोटाखाली एक भोक असते आणि त्यातून बहुधा तांबडा उजेड दिसतो. त्या भोकात छोटा डोळाच बसवलेला असतो म्हणा ना. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला शेकडो, हजारो चित्रे घेतो आणि चित्र किती सरकले त्यावरून पडद्यावरचा बाण हलवतो. त्या डोळ्यासमोर एक केस आला तरी बाण उड्या मारतो. काचेच्या किंवा फार चकचकीत टेबलावर त्याला काही दिसत नाही म्हणून तो नीट चालत नाही. अशा वेळी माऊस बिघडला असे समजून नवा आणू नये. खाली साधा जाड कागद किंवा कापडी पॅड ठेवून पाहावे.

घाण येते कोठून?

शेतावरची धूळ, पाचट जाळल्याची राख, हंगामात उडणारी काजळी आणि बगॅसचा बारीक भुसा हे सर्व खिडकीतून येऊन कळांच्या फटीत बसते. त्यात फरसाणाचे कण, बिस्किटाचा चुरा आणि तंबाखूला चुना लावलेला अंगठा यांची भर पडते. चुना वाळून कळीच्या कडेला पांढरा थर धरतो. गोडाधोडाच्या मागे मुंग्या येतात. खरा उंदीर वायर कुरतडतो ते वेगळेच.

एक गोष्ट मात्र जिवाशी संबंधित आहे. फवारणी करून आल्यावर साबणाने हात स्वच्छ धुतल्याशिवाय कळफलकाला किंवा माऊसला हात लावू नये. औषधाचा अंश कळांवर राहतो. त्याच कळांवर संध्याकाळी मूल अभ्यास करते आणि मध्येच बोट तोंडात घालते. खत टाकून आल्यावर आणि गोठ्यातून आल्यावरही हाच नियम पाळावा. जेथे एकाच कळफलकावर दिवसभर अनेकांचे हात पडतात, त्या सोसायटीत किंवा दूध-संकलन केंद्रात तो रोज पुसलेला बरा.

आठवड्याची साफसफाई

लागणारे साहित्य घरचेच आहे : मऊ कुंचला किंवा जुना, धुऊन वाळवलेला दातांचा ब्रश, जुन्या धोतराचे किंवा बनियनचे मऊ सुती कापड, कापसाची काडी आणि दात कोरायची लाकडी काडी. मळ फार असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडेसे आणून ठेवावे.

१. संगणक बंद करावा. कळफलक आणि माऊस यांच्या वायरी काढाव्यात. बिनवायरीचा असेल तर सेल काढावेत. लॅपटॉप असेल तर तो पूर्ण बंद करून चार्जर काढावा.

२. कळफलक वर्तमानपत्रावर पालथा धरून मागून हलक्या हाताने थोपटावा. सुपातून भात पाखडतो तसा जोर नको. पहिल्यांदा जे खाली पडेल ते पाहून घरातल्या मंडळींना आणखी काही सांगावे लागणार नाही.

३. तो तिरका धरून कुंचल्याने वरून खाली अशी एकाच दिशेने धूळ काढावी. तोंडाने फुंकू नये, फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा आत जातो. सायकलचा हातपंप चालेल. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावू नये. त्याची हवा फार जोराची असते आणि तिच्याबरोबर पाणी व तेलाचे तुषारही येतात.

४. कापड किंचित ओले करून, घट्ट पिळून कळा पुसाव्यात. चिकट डाग असेल तर अल्कोहोल कापडाला लावावे, कळफलकावर ओतू नये. ते पेट घेते, म्हणून जवळ चूल, निरांजन, विडी नको आणि खिडकी उघडी ठेवावी. कापड वाळत घातले तरी ते विस्तवापासून लांब ठेवावे.

५. रॉकेल, पेट्रोल, थिनर, फिनेल यांपैकी काहीही वापरू नये. प्लॅस्टिक विरते आणि कळांवरची अक्षरे जातात.

६. कळा उपटायच्याच असतील तर आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, म्हणजे परत बसवताना घोळ होत नाही. स्पेस, एंटर अशा लांब कळांखाली तारेची कडी असू शकते, त्यांना हात लावू नये. लॅपटॉपच्या कळा तर मुळीच काढू नयेत, त्यांच्या खालच्या नाजूक कात्र्या मोडतात. काढलेल्या कळा कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवाव्यात. कडक उन्हात प्लॅस्टिक वाकडे होते.

७. माऊस उलटा करून त्याच्या खालच्या गुळगुळीत पायांवर साचलेली काळी किट्ट लाकडी काडीने खरवडावी. डोळ्याच्या भोकात कोरडी कापूसकाडी हलकेच फिरवावी. मधले चाक फिरवत फिरवत पुसावे. कापडी पॅड साबणाने धुऊन वाळवावा.

सर्व कोरडे झाल्याची खात्री करूनच वायरी जोडाव्यात.

चहा किंवा पाणी सांडले तर

घाबरून आधी फडके शोधू नये. आधी वायर काढावी. मग कळफलक पालथा करून पाणी निथळू द्यावे, पुसावे आणि एक-दोन दिवस पालथाच, हवेशीर जागी ठेवावा. साध्या पाण्याने तो बहुधा वाचतो. गोड चहाने चिकटला तर साधा कळफलक बदलणे हे दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

लॅपटॉपवर सांडले तर प्रकरण गंभीर आहे, कारण कळांच्या खालीच सारे यंत्र असते. चालू-बंद करायची कळ दाबून धरून तो लगेच बंद करावा, चार्जर काढावा, उलटा करावा आणि जाणकाराकडे न्यावा. "चालतोय का बघू" म्हणून मध्येच चालू केला की जळतो. तांदळाच्या डब्यात पुरू नये, कोंडा आणि पीठ आत जाते. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही देऊ नये.

हात का दुखतात?

आपण बैलाचे उदाहरण घेऊ. जू नीट बसले नसेल, एका बाजूला कलले असेल, तर बैल कितीही चांगला असला तरी त्याचा खांदा सोलतो, सुजतो. दोष बैलाचा नसतो. म्हणून तर बेंदराच्या, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. संगणकावर बसणाऱ्या माणसाचे मनगट आणि मान म्हणजे त्याचा खांदाच. खुर्ची, टेबल, कळफलक हे त्याचे जू. ते त्याच्या मापाचे हवे.

मनगटात हाडांचा एक अरुंद बोगदा असतो. बोटे वाकवणाऱ्या दोऱ्या आणि बोटांना संवेदना देणारा एक मुख्य मज्जातंतू त्यातून जातात. मनगट तासन् तास वर किंवा खाली वाकवून ठेवले की त्या बोगद्यात दाब वाढतो. मज्जातंतू दबला की अंगठा, पहिले बोट, मधले बोट आणि अनामिकेची आतली बाजू यांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते. करंगळी मात्र बहुधा वाचते.

हा त्रास नुसत्या संगणकाने होतो असे नाही. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण यांतही तो होतो. मूठ आवळून पुन्हा पुन्हा जोराचे काम करणाऱ्यांनाही होतो. म्हणजे पहाटे चार म्हशींच्या धारा काढणारी, दिवसा खुरपणाऱ्या हाताने संध्याकाळी बचत गटाचा हिशेब संगणकावर भरणारी आपली भगिनी असेल, तर तिच्या मनगटावर दुप्पट ओझे आहे. तिने विश्रांती आधी घ्यावी, हिशेब नंतर भरावा. मुंग्या, बधिरपणा काही दिवसांत गेला नाही, किंवा हातातून भांडे निसटू लागले, तर तेल चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. उशीर झाला तर अंगठ्याची ताकद कमी होते.

बैठक कशी असावी?

खुर्चीवर पाठ टेकून बसावे. पाय जमिनीला सपाट टेकावेत. मुलांचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा दोन विटा ठेवाव्यात. कोपर अंगाजवळ आणि साधारण काटकोनात असावे, कळफलक कोपराच्या उंचीवर यावा. टेबल उंच असेल तर खुर्चीवर घडी केलेली गोधडी घालून बसावे.

कळफलकाच्या मागे दोन लहान पाय असतात. ते उघडले की मागची बाजू उंच होते आणि मनगट वर मुडपते. ते बहुतेकांनी मिटूनच ठेवावेत. टाइप करताना मनगट टेबलाच्या धारदार कडेवर टेकवू नये.

माऊस कळफलकाला लागून, त्याच पातळीवर ठेवावा. लांब ठेवला की हात ताणून खांदा दुखतो. तो अंडे धरावे तसा हलका धरावा आणि नुसत्या मनगटाने न ओढता कोपरापासून हलवावा. डावऱ्या माणसाने तो डावीकडे ठेवून त्याची दोन बटणे सेटिंगमध्ये अदलाबदल करून घ्यावीत. वडीलधाऱ्यांना दोनदा पटकन बटण दाबणे जमत नाही. तेथेच त्या दाबण्याचा वेग कमी करता येतो, बाणाचा वेगही कमी करता येतो. जमत नाही म्हणून त्यांना हसू नये, यंत्र त्यांच्या मापाचे करून द्यावे.

पडदा हातभर लांब आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला असावी. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळा जोडलेल्या असल्याने मान खाली जाते. रोज दोन-तीन तास काम असेल तर लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवावा आणि वेगळा साधा कळफलक व माऊस जोडावा. मांडी घालून बसणाऱ्यांनी यंत्र मांडीवर घेऊ नये. पूर्वीचे मुनीम बैठ्या डेस्कवर लिहीत. तसा चौरंग घ्यावा, पाठीला भिंत किंवा तक्क्या असावा.

दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांबच्या वस्तूकडे पाहावे. त्याच वेळी हात सोडून बोटे उघडमीट करावीत. तासाला एकदा उठून पाणी पिऊन यावे.

बोटांची सवय

इंग्रजी कळफलकावर 'एफ' आणि 'जे' या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही हातांची पहिली बोटे तेथे ठेवली की न पाहता हात जागेवर येतो. या अक्षरांची मांडणी संगणकाहून फार जुनी आहे. अमेरिकेतील ख्रिस्तोफर शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या टंकलेखन यंत्रातून ती आली. ते यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणले.

मराठीसाठी इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी आहे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली तिचा मानकात समावेश केला. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. आपण ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने टाइप करायचे. 'कि' लिहायचे तर आधी क, मग वेलांटी. र, क, त ही सतत लागणारी अक्षरे मधल्या ओळीत, बोटांच्या खालीच आहेत. त्यामुळे दोन्ही हातांवर काम वाटले जाते आणि एकच बोट शिणत नाही. मुलांना एकाच बोटाने ठोकण्याची सवय लागण्याआधी हे शिकवावे.

कळ हलकेच दाबावी. जोराने ठोकल्याने अक्षर ठळक उमटत नाही, फक्त बोट दुखते आणि रबर लवकर बसते.

आकडे भरण्यापूर्वी

काम सुरू करताना कोऱ्या पानावर ० ते ९ आणि टिंब एकदा दाबून पाहावे. प्रत्येक आकडा एकदाच उमटला पाहिजे. उजवीकडच्या आकड्यांच्या कळा चालत नसतील तर 'नम लॉक' बंद आहे का ते पाहावे. बँकेचा आय.एफ.एस.सी. संकेतांक ११ अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे स्थान नेहमी शून्याचे असते. तेथे इंग्रजी 'ओ' टाइप करण्याची चूक फार जण करतात.

आणि आपण खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला असू, म्हणजे नोंद दुसरा कुणी करीत असेल, तर "भाऊ, जरा आकडा वाचून दाखवा" असे नम्रपणे म्हणावे. त्यात कुणाचा अपमान नाही. क्षेत्र, गट नंबर, खाते क्रमांक हे कागद छापण्यापूर्वी पडद्यावर पाहून घ्यावेत. छापल्यावर दुरुस्तीला अर्ज लागतो.

थोडक्यात

• जेवण, चहा आणि तंबाखू कळफलकापासून लांब.
• फवारणीनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय स्पर्श नाही.
• आठवड्यातून एकदा, वायर काढून, कोरडी सफाई. ओले कापड पिळूनच.
• मनगट सरळ, कोपर अंगाजवळ, पाय टेकलेले.
• मुंग्या, बधिरपणा राहिला तर डॉक्टरांकडे.
• आकडा भरला की एकदा वाचावा.

खंडेनवमीला आपण नांगर, कोयते, मोटार यांच्याबरोबर आता संगणकाचीही पूजा करतो. हे योग्यच आहे, तोही घरातले एक औजार झाला आहे. पण हळद-कुंकू कळांच्या फटीत गेले की निघत नाही आणि फुलांवरचे पाणी आत झिरपते. म्हणून आदल्या दिवशी कळफलक आणि माऊस वर सांगितल्याप्रमाणे साफ करावेत, हळद-कुंकवाचे बोट टेबलाला लावावे आणि फूल पाणी झटकून बाजूला ठेवावे. पूजेनंतर घरातल्या मुलाकडून ० ते ९ आकडे एकदा दाबून घ्यावेत.